मिलिटरीतल्या पोराच्या ताटात काय असतं?



आमच्या गटातल्या दोघींची मुलं मिलिटरीत आहेत. बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले की विषय निघतोच, "पोरगं जेवलं असंल का गं?" मागच्या दिवाळीत एका मावशींनी मुलाला बेसनाचे लाडू पाठवले. डबा पोचला, पण लाडवांना बुरशी आली होती. मावशींच्या मनाला ते फार लागलं. मग आम्ही ठरवलं, जवानांचं जेवण इतक्या लांब टिकतं कसं, ते समजून घ्यायचं.

छावणीत लंगर असतो. तिथे डाळ, भात, चपाती, भाजी गरमच मिळते. खरी अडचण उंचावर येते. सियाचिनवर १९८४ पासून आपले जवान पहारा देतात. तिथल्या काही चौक्या १८,००० फुटांपेक्षा उंच आहेत. प्यायचं पाणीसुद्धा बर्फ वितळवून करावं लागतं. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी सुमारे ८२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरच लागतो. थंडीत अंगाला ताकद जास्त लागते आणि भूक मात्र मरते. म्हणून सुकामेवा, चॉकलेट, सूप, डबाबंद फळं असं थोडक्यात ताकद देणारं खाणं दिलं जातं.

गस्तीवर चूल मांडता येत नाही. तिथे तयार जेवणाची पाकिटं उपयोगी पडतात. म्हैसूरला १९६१ साली सुरू झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने असे पदार्थ तयार केले आहेत. पुलाव, भाजी, शिरा, टिकणारी चपातीसुद्धा. पुलाव-भाजीची पिशवी प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमच्या थरांची असते. पदार्थ भरून ती हवाबंद करतात आणि मग दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे आत शिरत नाहीत. त्यामुळे फ्रिज नसतानाही जेवण कितीतरी महिने टिकतं.

आता मावशींच्या लाडवांकडे येऊ. त्यांनी लाडू कोमट असतानाच डब्यात भरले होते. वाफेचं झाकणाखाली पाणी झालं आणि ओल मिळाली की बुरशी येणारच. आपण पापड, सांडगे, कुरडया कडकडीत वाळवतो ते याचसाठी.

म्हणून पार्सल करताना एवढं करा. बेसन मंद आचेवर खमंग भाजा, दूध किंवा पाण्याचा हात लावू नका. लाडू पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या डब्यात भरा. शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळी, चिक्की चांगली टिकते. नारळाच्या वड्या पाठवू नका.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. शिजवलेली ओली भाजी घरच्या मशीनवर पिशवीत बंद करून पाठवू किंवा विकू नका. हवेशिवाय वाढणारे जंतूही असतात, वासावरून ते कळत नाहीत आणि जिवावर बेततं.

यंदा मावशींनी लाडू रात्रभर परातीत गार केले. आठवड्यापूर्वी फोन आला, "आई, लाडू संपले. सगळ्यांनी मिळून खाल्ले."