आधी काय, नंतर काय?
(कथनातील कालदर्शक शब्दांविषयी थोडेसे)

गोष्ट म्हणजे घडलेल्या प्रसंगांची माळ. मणी कितीही चांगले असले तरी दोरा नसेल तर माळ होत नाही. कथनात हा दोरा कालदर्शक शब्दांचा असतो. आपण विद्यार्थी प्रसंगवर्णन लिहावयास बसलो की बहुधा दोनच शब्दांवर भागवतो : 'मग' आणि 'नंतर'. हे शब्द वाईट नाहीत. पण ते फक्त क्रम सांगतात. मध्ये किती वेळ गेला, एक घटना दुसरीच्या आड आली का, कुणी वाट पाहत होते का, हे त्यांच्याने सांगवत नाही.

मराठीत हे काम पुष्कळदा क्रियापदाचे रूपच करते. पुढील तीन वाक्ये पाहा :

(१) वडील घरी आले तेव्हा आईने दिवा लावला होता.
(२) वडील घरी आल्यावर आईने दिवा लावला.
(३) वडील घरी येईपर्यंत आईने दिवा लावला नाही.

माणसे तीच, दिवा तोच. पण घरे तीन झाली. पहिल्या घरी रोजचा शिरस्ता आहे. दुसऱ्या घरी वडील आल्यावर हालचाल सुरू होते. तिसऱ्या घरी काहीतरी बिनसले आहे, किंवा रॉकेल पुरवून वापरावे लागते आहे. लेखकाने स्पष्टीकरणाचे एकही वाक्य लिहिलेले नाही. '-ल्यावर', '-ईपर्यंत', '-ताना', '-ताच', '-ऊन' ह्या प्रत्ययांत एवढे सामर्थ्य आहे.

काही शब्द तर क्रियापदावाचून अपुरेच असतात. 'परवा' हा शब्द घ्या. 'परवा गेलो' म्हटले की तो मागचा दिवस, 'परवा जाईन' म्हटले की पुढचा! रीतिभूतकाळाचेही असेच. 'आजोबा पहाटे उठत, बैल सोडीत, शेतावर जात' असे लिहिले की एका वाक्यात वर्षानुवर्षे सरतात. त्यापुढे 'एके दिवशी' आले की वाचक सावरून बसतो, कारण खरी गोष्ट तेथून सुरू होते. आणि 'इतक्यात' किंवा 'तोच' हे शब्द चाललेल्या कामात अचानक काही घडले तरच शोभतात. प्रत्येक परिच्छेदात आले तर त्यांची धार जाते.

घड्याळाची वेळ नेहमीच उपयोगी पडते असे नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आजीला तारखा सांगता येत नाहीत, पण तिच्या सांगण्यात क्रमाचा गोंधळ कधी नसतो. झुंजुमुंजू झाले, दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, असा तिचा दिवस चालतो. वर्षे ती मोठ्या घटनांवरून मोजते : एक १९७२चा दुष्काळ आणि दुसरा किल्लारीचा भूकंप. आत्याचे लग्न 'भूकंपाच्या आधी', वडिलांचे 'भूकंपानंतर'. ह्या शब्दांना अशुद्ध किंवा गावंढळ समजून निबंधातून वगळण्याचे काहीच कारण नाही. त्यांत वेळेबरोबर उजेड, काम आणि ऋतूही येतो.

क्रमाचे महत्त्व किती, हे त्या भूकंपाच्या आठवणी ऐकताना कळते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे हादरली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. दमून आलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत झोपली होती. आता पाहा : 'ती बाहेर आल्यावर भिंत पडली', 'ती बाहेर येताना भिंत पडली' आणि 'ती बाहेर येण्यापूर्वीच भिंत पडली'. जगणे आणि मरणे ह्यांतील अंतर येथे एका प्रत्ययाएवढे आहे. सांगणारा तो प्रत्यय बरोबर सांगतो. लिहून घेणाऱ्याने तेथे सरधोपट 'नंतर' घातले तर एका माणसाची अखेरची हकिगत बदलून जाते.

आपल्या मराठी गद्याची सुरुवातही अशा आठवणी जुळविण्यापासून झाली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासातील लोकांकडून गोळा केल्या, आणि 'लीळाचरित्रा'त त्या एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा भागांत लावल्या गेल्या. विखुरलेल्या आठवणींना क्रम मिळाला, म्हणून त्यांतून चरित्र उभे राहिले.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या आठवणी अजून कागदावर आलेल्या नाहीत. सुट्टीत त्या जरूर लिहून घ्या. लिहिताना 'मग काय झालं?' एवढेच विचारू नका. 'त्याआधी काय झालं होतं?', 'तोवर तुम्ही कुठं होता?', 'तेव्हा उजाडलं होतं का?' हेही विचारा. आणि उत्तर ज्या शब्दांत मिळेल, त्याच शब्दांत ते वहीत उतरवा.