वडाचं माप घ्यायचं कसं?

सरकारी यादीत झाड म्हणजे एक ओळ. लेझर स्कॅनरच्या नजरेत तेच झाड म्हणजे लाखो ठिपके. या दोन्हींत फरक काय पडतो?

कोऱ्हाळे बुद्रुक. गावाच्या नावातच माप आहे बघा. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. बारामती तालुक्यात कोऱ्हाळे खुर्दही आहेच. थोरलं गाव कुठलं आणि धाकटं कुठलं, हे जुन्या माणसांनी नावातच नोंदवून ठेवलंय.

आता सांगा, तुमच्या गावातलं सगळ्यात मोठं झाड कोणतं? पारावरचा वड, शाळेमागची चिंच, की नीरा डाव्या कालव्याकडेचं एखादं जुनं झाड? नाव लगेच सांगाल. पण त्याची उंची किती? बुंध्याचा घेर किती? सावली किती गुंठ्यांवर पडते? ‘लय मोठंय’ यापलीकडे आपल्याकडे उत्तर नसतं.

उत्तर नसल्याचा फटका बसतो तो रस्ता रुंद करायची वेळ आल्यावर. झाडांची यादी निघते. जात, घेर, उंची. शंभर वर्षांचा वड आणि दहा वर्षांची सुबाभूळ, दोघांनाही एकेकच ओळ. बारामती-इंदापूरवरून जाणाऱ्या पालखी मार्गाच्या कामात रस्त्याकडेची जुनी झाडं गेलेली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलीत. काय गेलं हे सगळ्यांना कळतं. किती गेलं, हे सांगता येत नाही.

टेप कुठे अडतो?

आपल्याकडे झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजायची पद्धत आहे. सरळसोट कडूलिंबाला हे ठीक. पण वडाला? पारंब्या जमिनीत रुतून त्यांचेच बुंधे झालेले असतात. टेप नेमका कशाभोवती गुंडाळायचा?

वजनाचा प्रश्न त्याहून अवघड. झाडाने लाकडात कार्बन किती साठवलाय हे कळायला लाकडाचं वजन लागतं, आणि ते खात्रीने कळायचं तर झाड तोडून वजनकाट्यावर घालावं लागतं. म्हणून काही झाडं तोडून, तोलून सूत्रं बसवली गेली आणि बाकीच्या झाडांना घेर-उंचीवरून तीच सूत्रं लावली जातात. म्हणजे शेवटी अंदाजच.

लेझर काय करतं?

लेझर म्हटलं की मिरवणुकीतला डीजे आठवतो. पण उसाच्या रानात फिरणारा लेझर लेव्हलर आठवा, तो जास्त जवळचा नातेवाईक. तिथे लेझरची रेघ जमिनीचा चढ-उतार दाखवते. स्कॅनरमधलं लेझर अंतर मोजतं.

तत्त्व एकदम सोपं. स्कॅनर प्रकाशाचा एक बारीक ठोका सोडतो. तो फांदीवर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातो. फांदी १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे १०० नॅनोसेकंद. इतका बारीक वेळ मोजणारं यंत्र असलं की झालं! ह्यालाच लायडार म्हणतात.

स्कॅनर स्वतःभोवती फिरत असे लाखो ठोके सोडतो आणि प्रत्येकाचा एक ठिपका नोंदवतो. बुंध्याची मागची बाजू एका जागेवरून दिसत नाही, म्हणून झाडाभोवती चार-सहा ठिकाणी तिवई लावायची आणि सगळे ठिपके जुळवायचे. वारा नसलेला दिवस निवडायचा, नाहीतर फांद्या हलतात आणि चित्र पुसट येतं. मग कॉम्प्युटर प्रत्येक फांदीवर लहान-मोठी नळकांडी बसवतो. नळकांड्यांचं घनफळ, गुणिले लाकडाची घनता, की वजन आलं. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एकही फांदी न तोडता हिशेब पूर्ण.

फरक किती पडतो? इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम वूड्स या जंगलाचं असं स्कॅनिंग झालं. २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या झाडांचं वजन जुन्या सूत्रांच्या अंदाजापेक्षा सुमारे पावणेदोनपट निघालं. मोठी, जुनी झाडं आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त साठवून असतात, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडेही हे तंत्र आलंय. २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लायडारवर आधारित अहवाल जाहीर केले. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. जंगलात पाणी कुठे अडवायचं, चारा कुठे वाढवायचा, हे त्यावरून ठरवायचं होतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये तर लेझर स्कॅनर हजारो रोपांवरून फिरतो आणि पानांचं क्षेत्रफळ मोजतो. कमी पाण्यात तग धरणारं वाण शोधायला त्याची मदत होते. ज्या तालुक्यात एका बाजूला कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला जिरायती पट्टा आहे, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको.

झाड वाचलं, पुढे?

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड आठवतोय? चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा. २०२० मध्ये महामार्गाच्या कामात तो जाणार होता. लोक उभे राहिले, आराखडा बदलला, वड वाचला. आणि २०२२ मध्ये तो पावसात कोसळला.

पॅरिसचं नोत्र दाम चर्च २०१९ मध्ये जळालं. पण अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने त्याआधीच ते लेझरने स्कॅन करून ठेवलं होतं. दुरुस्ती करताना ती मापं हाताशी होती. वड कुणी पुन्हा बांधू शकत नाही, हे खरं. मापामुळे झाड आपोआप वाचतं असंही नाही. पण ‘एक वड’ आणि ‘इतका घेर, इतकी सावली, इतका कार्बन’ यांतलं दुसरं वाक्य ग्रामसभेत, कोर्टात जास्त वजनदार ठरतं. आणि झाड गेल्यावर माप घेता येत नाही.

तुम्ही काय कराल?

मोठा स्कॅनर लाखांत जातो. त्याची वाट बघू नका.

घेर : साडेचार फुटांवर टेप. वड असेल तर जाड पारंब्यांचे बुंधे वेगळे मोजा.

उंची : सपाट जमिनीवर एक मीटरची काठी उभी करा. तिची सावली ८० सेंटिमीटर आणि त्याच वेळी झाडाची सावली १२ मीटर असेल, तर झाड १५ मीटर.

पसारा : फांद्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन दिशांनी मोजा, सरासरी काढा. १६ मीटर आली तर साधारण दोन गुंठे सावली.

मोबाइल : २०२० नंतरच्या आयफोन प्रो मॉडेलमध्ये लायडार असतो. त्याचा पल्ला जेमतेम पाच मीटर, त्यामुळे शेंडा नाही, पण बुंधा छान स्कॅन होतो. साध्या फोनवर बुंध्याभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढा, त्यातूनही थ्रीडी मॉडेल तयार करणारी ॲप्स आहेत. फोटोत मीटरची काठी ठेवा, नाहीतर माप कळणार नाही. ठिपके तपासायला ‘क्लाउडकंपेअर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

यात पुढे शिकायचं असेल तर जिओइन्फॉर्मेटिक्स आणि रिमोट सेन्सिंग हे शब्द लक्षात ठेवा. डेहराडूनच्या आयआयआरएसचे मोफत ऑनलाइन कोर्स असतात. सिव्हिल डिप्लोमावाल्यांना तर सर्वेक्षणाची निम्मी ओळख आधीच असते.

आणि मोजलेलं फक्त स्टेटसला ठेवू नका. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती कुठे आहे ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि गावातल्या दहा थोरल्या झाडांची मापं तारखेसह तिच्यात लिहून घ्या. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळलं जातंच. या वेळी सोबत टेपही न्या.