पडद्यावरचा आगू, न्यायालयातला ओंगवेन

येत्या १२ फेब्रुवारीला बालसैनिकांच्या वापराविरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस आहे. लाल रंगात बुडवलेल्या पंजांचे ठसे पुन्हा उमटतील आणि ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’ पुन्हा शिफारशींच्या याद्यांत झळकेल. झळकू दे. कॅरी फुकुनागाचा २०१५चा हा सिनेमा त्या लायकीचा आहेच. फक्त तो थांबतो तिथे खरी पंचाईत सुरू होते.

देश कुठला, युद्ध कशासाठी, हे सिनेमा सांगत नाही. (चित्रीकरण घानामधलं.) राजकारण समजून घ्यायला तो फारसा उपयोगाचा नाही, पण पोराचा सैनिक कसा करतात, ते त्यात पायरीपायरीने दिसतं. सुरुवातीला सिनेमाचा छोटा नायक आगू आणि त्याचे दोस्त टीव्हीचं रिकामं खोकं विकायला निघतात आणि खोक्यामागे उभं राहून स्वतःच कार्यक्रम करून दाखवतात. बाप मारला जातो, भाऊ मारला जातो आणि हाच पोरगा रानात एका बंडखोर टोळीच्या कमांडंटच्या हाती लागतो. इड्रिस एल्बाचा कमांडंट दरडावतो कमी, जवळ घेतो जास्त. पोर म्हणून हिणवणाऱ्या साथीदारांनाच झापतो. सूड मिळवून देण्याचं वचन देतो. मग हातात कोयता देऊन गुडघ्यांवर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवतो. त्या घावानंतर परतीची वाट बंद होते, आणि घाव घालायला लावतात तेही त्यासाठीच. उत्तर युगांडात आणि सिएरा लिओनमध्ये पळवलेल्या मुलांना तर आपल्याच माणसांवर हात उचलायला लावलं गेलं.

आगू शेवटी सुटतो, पुनर्वसन केंद्रात पोचतो, पोरांबरोबर समुद्रात धावतो. तो अजून लहान आहे, म्हणून त्याच्यावर माया करणं आपल्याला सोपं जातं. पण तो टोळीतच मोठा झाला असता तर?

डॉमिनिक ओंगवेन झाला. शाळेच्या वाटेवरून उत्तर युगांडातल्या जोसेफ कोनीच्या बंडखोर टोळीने त्याला उचललं, तेव्हा तो साधारण नऊ वर्षांचा होता. पुढे तो ब्रिगेडचा कमांडर झाला. २०२१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी धरलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना सैन्यात ओढणं, हाही त्यातलाच एक गुन्हा.

अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यांवर हे न्यायालय खटला चालवत नाही. म्हणजे अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत तो बळी आणि दुसऱ्या दिवसापासून आरोपी. कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मान्य. पण माणसाच्या आत अशी रेघ नसते. न्यायाधीशांनाही ते जाणवलं असावं. ओंगवेनच्या अपहरणामुळे गुन्हा माफ होत नाही, असं त्यांनी ठरवलं, पण त्याच अपहरणाचा विचार करून जन्मठेपेऐवजी २५ वर्षांची शिक्षा दिली. मला हा निकाल पटतो.

एल्बाच्या कमांडंटला सिनेमाने बालपणच दिलेलं नाही. ओंगवेनला ते होतं, आणि ते न्यायालयात तपशीलवार मांडलं गेलं. तरीही पीडितांचे वकील जन्मठेपच मागत होते. त्यांच्या अशिलांनी पाहिलेला ओंगवेन आगू नव्हता, कमांडंट होता.