सिसिली : शाही रेशीम कारखान्याचे बेट

इटलीला जाणारे आपले कापड-व्यापारी मिलान पाहतात, यंत्रांची माहितीपत्रके गोळा करतात आणि परत फिरतात. २०२३ साली मिलानला आयटीएमए हे वस्त्रोद्योगाच्या यंत्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा आम्हीही तेच करणार होतो. चार दिवस हाताशी उरले, म्हणून विमानाने दीड तासावरच्या पालेर्मोला गेलो. ज्यांचा धंदा सूत, रेशीम किंवा जरीचा आहे, त्यांनी हे बेट टाळू नये, असे आमचे मत झाले आहे.

पालेर्मो शहर ८३१ ते १०७२ पर्यंत मुसलमानांच्या ताब्यात होते. नंतर नॉर्मन राजे आले. त्यांनी राज्य घेतले, पण कारागीर, कारकून आणि बागवान यांना कामावर कायम ठेवले. या राजांच्या काळातील नऊ इमारती २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्यातील सात पालेर्मोतच आहेत, उरलेल्या दोन मोनरेआले आणि चेफालू येथे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचा राजवाडा. येथे राजाचा कापडाचा कारखाना होता. त्यात तयार झालेला राजा दुसरा रॉजर याचा झगा आजही शाबूत आहे. लाल रेशीम, सुमारे साडेतीन मीटर रुंदी, मधोमध खजुराचे झाड आणि दोन बाजूंना उंटावर झेपावलेले सिंह. सोन्याची तार कापडावर ठेवून बारीक धाग्याने टाचलेली, म्हणजे आपल्या जरदोजीवाल्यांना समजावून सांगावी लागणार नाही अशी रीत. काठावर कूफी अक्षरांत अरबी मजकूर आहे. त्यात राजधानीतील शाही कारखान्याचा उल्लेख आणि हिजरी सन ५२८ आहे. म्हणजे इसवी सन ११३३-३४. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले सापडते की, रॉजरच्या आरमाराने ११४७ साली ग्रीसमधील थीब्ज शहरातून विणकर पकडून आणले आणि तेव्हापासून सिसिलीत रेशीमकाम सुरू झाले. झग्यावरची तारीख त्याआधी तेरा वर्षांची आहे! हिशेबाच्या वहीत अशी चूक कोणी खपवून घेतली नसती.

अंदलूसचे प्रवासी इब्न जुबैर यांचे जहाज डिसेंबर ११८४ मध्ये मेसिनाजवळ फुटले. त्यांनी राजाच्या कपड्यांवर सोन्याचे भरतकाम करणाऱ्या याह्या नावाच्या कारागिराची नोंद केली आहे. नाताळच्या दिवशी पालेर्मोतील ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखे सोनेरी रेशमी कपडे आणि ओढण्या घालून चर्चला निघाल्या होत्या, असेही ते लिहितात. फॅशनला धर्म विचारावा लागत नाही, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको. पण त्याच प्रवासवर्णनात तेथील मुसलमानांची भीतीही दिसते. पुढे १२२० नंतरच्या काळात बादशहा दुसरा फ्रेडरिक याने त्यांना हजारोंच्या संख्येने इटलीतील लुचेरा येथे हलवले, आणि १३०० साली ती वस्तीही मोडली गेली. झगा तर त्याआधीच जर्मन बादशहांच्या खजिन्यात गेला होता. तो आता व्हिएन्नात आहे, पालेर्मोत नाही.

पालेर्मोत पाहायला उरले ते असे : राजवाड्यातील प्रार्थनागृहाचे कोरीव, रंगीत लाकडी छत, ज्यावर कूफी अक्षरे आहेत. मोठ्या चर्चच्या दक्षिण दारावरचा एक खांब, ज्यावर सूरह अल-आराफमधील आयत कोरलेली आहे. आणि जीसा हा महाल. नाव अरबी 'अजीज' वरून. दिवाणखान्यात कारंजे, भिंतीतून वाहणारे पाणी आणि समोरून येणारा वारा, यांनी खोली गार राहावी अशी योजना आहे. कोरड्या हवेत धागा तुटतो हे ज्याने मागाच्या शेडमध्ये सोसले आहे, त्याला हे चटकन पटेल. येथेच ११४९ सालची एका बाईची कबरशिळा आहे. मजकूर अरबी, लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू अक्षरांतील अरबी असा चार तऱ्हांचा.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला एटना ज्वालामुखी. २०१३ पासून तोही जागतिक वारशात आहे. पाळण्याने सुमारे २,५०० मीटरपर्यंत जाता येते. डोंगर धुमसत असेल तर वाट बंद ठेवतात. जूनमध्येही जाड स्वेटर घ्यावा. अग्रिजेंतोची ग्रीक मंदिरे सकाळी लवकर पाहावीत, सावली नाही.

झिंगारो मात्र चुकवू नये. सुमारे सात किलोमीटरचा हा किनारा राखीव आहे. येथून मोटारींचा रस्ता जायचा होता. मे १९८० मध्ये हजारो लोक पायी चालत आले आणि काम थांबले. १९८१ साली सिसिलीतील हे पहिले राखीव निसर्गक्षेत्र झाले. आत मोटार नाही, दुकान नाही. पाणी बरोबर न्यावे.

व्हिसा शेंगेनचाच चालतो. दुपारी पुष्कळ दुकाने बंद असतात. चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात. हलालची शंका असेल तर मासे मागावेत. मजारा देल वाल्लो गावी ट्युनिशियन मच्छीमारांची जुनी वस्ती आहे आणि त्रापानीकडे माशांबरोबर कुसकुस मिळतो.

खरेदीबाबत एक अनुभव. पालेर्मोच्या बाजारात आम्ही 'येथील रेशीम' म्हणून एक शाल घेतली. हाताला शंका आली होती, पण सोबतची मंडळी घाईत होती. रात्री खोलीवर एक धागा काढून काडी लावली. केस जळल्याचा वास नाही, राख नाही, टोकाला कडक काळी गोळी झाली. पॉलिएस्टर. गावच्या बाजारात कोणी ती आम्हाला रेशीम म्हणून विकू धजला नसता.