'गंग-हो' : उत्साहाच्या एका शब्दाची कहाणी

उत्साही माणसासाठी इंग्रजीत शब्दांना तोटा नाही. एन्थुझिॲस्टिक, ईगर, कीन, झेलस हे शब्द आपली मुले शाळेतच शिकतात. पण इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि चित्रपटांत मधूनच आणखी एक शब्द भेटतो, तो म्हणजे 'गंग-हो'. हा शब्द कानाला इंग्रजी वाटत नाही, आणि तो मुळात इंग्रजी नाहीच. तो चीनमधून आला. तो कोठून निघाला आणि कोठे पोचला हे समजून घेतले, तर शब्दाबरोबर उत्साहाबद्दलही थोडे शिकायला मिळते.

आधी अर्थ पाहू. एखाद्या कामात कोणी अगदी झोकून देत असेल, सर्वांच्या पुढे धावत असेल, तर इंग्रजीत म्हणतात, 'ही इज गंग-हो अबाउट द न्यू प्लॅन.' म्हणजे नव्या योजनेबद्दल त्याला भलताच जोर चढला आहे. यात कौतुक असते, पण बहुधा चिमूटभर टिंगलही असते. उत्साह आहे खरा, पण तो जरा जास्तच आहे, मागचा-पुढचा विचार कमी आहे, असा सूर त्यातून निघतो. आपण 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणतो ना, काहीसा तसाच. नकारार्थी वाक्यात मात्र हा शब्द सौम्य होतो. 'आय ॲम नॉट टू गंग-हो अबाउट इट' म्हणजे मला त्यात फारसा रस नाही, एवढेच.

हा बोलण्यातला शब्द आहे. मित्राला लिहिताना चालेल, पण नोकरीच्या अर्जात 'मी कामाबाबत गंग-हो आहे' असे लिहू नये. तेथे 'एन्थुझिॲस्टिक' किंवा 'कीन' बरा. एखाद्याची मनापासून स्तुती करायची असेल, तेव्हाही हा शब्द टाळलेला चांगला. ऐकणाऱ्याला तो टोमणा वाटू शकतो.

आता त्याचे मूळ. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शांघायमधले कारखाने उद्ध्वस्त झाले आणि लाखो माणसे घरदार सोडून आतल्या प्रांतांकडे निघाली. त्यांत लोहार होते, विणकर होते, छापखान्यातले कामगार होते. हातात कसब होते, पण काम नव्हते. रेवी ॲली हे न्यूझीलंडचे गृहस्थ तेव्हा शांघायमध्ये कारखाने तपासण्याचे काम करीत. अमेरिकन पत्रकार एडगर स्नो, त्यांच्या पत्नी हेलन आणि काही चिनी सहकारी यांच्यासह त्यांनी एक कल्पना मांडली. मोठे कारखाने बॉम्बने उडवता येतात, तर मग गावोगावी छोटे छोटे कारखाने उभे करावेत. ते कामगारांच्याच मालकीचे असावेत आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्यावेत. १९३८ मध्ये ही चळवळ सुरू झाली. सून यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग यांनी तिला पाठबळ दिले. वायव्येकडच्या थंड प्रदेशात या संस्थांनी सैनिकांसाठी लोकरी घोंगड्या विणल्या. निर्वासितांना भीक न मागता पोट भरण्याचा मार्ग मिळाला.

या संस्थांचे चिनी नाव लांबलचक होते. त्याचा अर्थ 'औद्योगिक सहकारी संस्था'. आपण जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नुसते 'डीसीसी' म्हणतो, तसे चिनी लोकांनी त्या नावातली दोन अक्षरे उचलली. एक उद्योगाचे, दुसरे एकत्र येण्याचे. हेच 'गंग-हो'. म्हणजे हा मुळात उत्साहाचा शब्द नव्हता, ते एका संस्थेचे छोटे नाव होते.

तो अमेरिकेत नेला इव्हान्स कार्लसन या मरीन अधिकाऱ्याने. चीनमध्ये असताना त्यांनी आठव्या मार्ग सेनेबरोबर पायी मुलूख पाहिला होता. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी पुढे ज्या सेनेच्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये प्राण सोडले, तीच ही सेना. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकामुळे आणि व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे कोटणीसांची कहाणी आपल्या घराघरांत पोचली.

कार्लसन यांनी रेवी ॲली यांच्याकडून 'गंग-हो' ऐकला आणि त्याचा अर्थ 'मिळून काम करा' असा घेतला. १९४२ मध्ये त्यांच्या हाती मरीन सैनिकांची एक खास तुकडी आली, तेव्हा त्यांनी हेच तिचे ब्रीद केले. या तुकडीत अधिकाऱ्यांना वेगळे जेवण नव्हते. मोहिमेआधी सर्वांना बसवून बेत समजावून सांगत. साधा शिपाईही उठून आपले मत मांडू शकत असे. या बैठकांनाच 'गंग-हो बैठका' म्हणत. १९४३ मध्ये याच नावाचा चित्रपट निघाला आणि शब्द सर्वतोमुखी झाला.

पण सर्वतोमुखी होताना त्याचा निम्मा अर्थ गळला. इतर सैनिक त्या तुकडीकडे पाहून हा शब्द थोड्या चेष्टेने वापरू लागले. बैठक, बरोबरीचे जेवण, शिपायाचे मत हे सारे मागे पडले आणि नुसता आवेश उरला. मूळ शब्दातला 'हो' म्हणजे एकत्र येणे. इंग्रजीने उच्चार ठेवला, एकत्र येणे सोडले.

शब्दांचे असे होते, आणि नेहमी वाईटच होते असेही नाही. आपल्या घरातलाच दाखला पाहा. अरबीत 'हवस' म्हणजे वेडा नाद. उर्दूत तो लोभ आणि वासना यांच्याकडे झुकला. तोच शब्द मराठीत 'हौस' झाला आणि किती निर्मळ झाला! नातवाला नवे कपडे शिवण्याची आजीची हौस, सुनेची मेंदीची हौस. आपल्यापैकी अनेक घरांत हे दोन्ही शब्द एकाच दिवशी बोलले जातात, आणि ते सख्खे भाऊ आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एका शब्दाला परक्या घरी गेल्यावर मान मिळाला, दुसऱ्याचा मान कमी झाला.

'जोश' या शब्दाकडेही पाहण्यासारखे आहे. फारसीत त्याचा मूळ अर्थ उकळी. दुधाला उकळी यावी लागते, पण उकळी आल्यावर कोणी जवळ उभे नसेल तर दूध चुलीत जाते. म्हणूनच वडीलधारी माणसे जोशाबरोबर होश सांभाळायला सांगतात.

मोहल्ल्यात वाचनालय काढायचे ठरते, मुलींसाठी शिवणवर्ग सुरू करायचा असतो. पहिल्या सभेला खुर्च्या पुरत नाहीत. तिसऱ्या महिन्यात कुलूप उघडायला एकच माणूस उरतो. उत्साह खोटा होता असे नाही. फक्त किल्ली कोणाकडे राहील, वर्गणी कोण गोळा करील, मुलींचे म्हणणे कोण ऐकून घेईल, हे सर्वांनी बसून ठरवलेले नसते. चीनमधल्या त्या विणकरांनी आधी हे ठरवले, मग माग लावले. 'गंग-हो'चा इंग्रजी अर्थ मुलांना जरूर शिकवावा, कारण परीक्षेत आणि वाचनात तोच उपयोगी पडेल. त्याबरोबर त्याचा चिनी अर्थही सांगून ठेवावा. तो घराच्या आणि मोहल्ल्याच्या उपयोगाचा आहे.