शाई आहे, पण रंग नाही!
(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने छपाईच्या यंत्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रकल्पाचे मुखपृष्ठ असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. घरगुती रंगीत छपाई म्हटली की आपली गाठ बहुधा इंकजेट प्रिंटरशीच पडते. नवे कार्ट्रिज महाग, म्हणून जुन्यातच सिरिंजने शाई भरायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. आणि शाई भरल्यावर नेमका एक रंग गायब, हा त्या रीतीबरोबर येणारा नेहमीचाच अनुभव! मग 'कार्ट्रिज गेले' असे म्हणून ते कचऱ्यात टाकले जाते. मी रोज संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. तेथे जे पाहिले त्यावरून सांगतो, की अशी टाकून दिलेली पुष्कळ कार्ट्रिजे जिवंत असतात.

प्रथम कोणता रंग हरवला ते ओळखावे. काळा सोडला, तर प्रिंटरजवळ तीनच रंग असतात: आकाशी, राणी आणि पिवळा. बाकीचे सारे यांच्या मिश्रणातून होतात. आंब्याच्या पानांचे व झेंडूच्या फुलांचे तोरण छापायचे आहे असे समजा. पानांचा हिरवा हा आकाशी व पिवळा मिळून होतो. झेंडूचा केशरी हा पिवळ्यात थोडा राणी मिसळून होतो. आता पाने पिवळी पडली आणि फुले जशीच्या तशी राहिली, तर आकाशी गेला. फुले लिंबासारखी पिवळी झाली, तर राणी गेला. फुले गुलाबी आणि पाने निळसर आली, तर पिवळा गेला. प्रिंटरमधून चाचणीचा कागद काढला की या निदानाची खात्री पटते. एकच रंग गेला असेल, तर संगणकातल्या 'फक्त काळ्या'च्या सेटिंगला दोष देता येत नाही, कारण त्या सेटिंगने तिन्ही रंग जातात.

आता रंग कागदावर येतो कसा ते पाहू. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या संशोधकांकडून तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाई फेकता येते, हे त्यावरून ध्यानात आले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले व १९८४ साली 'थिंकजेट' हा प्रिंटर बाजारात आणला. या दोन्ही कंपन्यांच्या अनेक लहान प्रिंटरांत कार्ट्रिजच्या तळाशीच एक पट्टी असते. तिच्यावर केसाहूनही बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो क्षणभर तापला की शाईचा बुडबुडा होतो, बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो आणि विरताना मागची नवी शाई ओढून घेतो. तीन रंगांच्या कार्ट्रिजमध्ये शाई स्पंजांत भरलेली असते आणि जेवढी शाई खाली जाते तेवढी हवा वरच्या छिद्रातून आत येते.

म्हणजे ही साखळीच आहे. शाई भरली म्हणून ती छिद्रापर्यंत पोचलीच, असे नव्हे. हे मला पुस्तकापेक्षा आमच्या विहिरीवर लवकर कळले. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण विहिरीत पाणी आहे, मोटार फिरते आहे आणि तरी पाटात थेंब नाही, असे झाले की ते नवी मोटार आणायला निघत नाहीत. पंपाने हवा धरली, एवढे ते ओळखतात. वरून पाणी ओततात, हवा निघून जाते आणि पाणी सुरू होते. कार्ट्रिजचेही बहुतेक वेळा असेच असते. सिरिंज घाईने दाबली की स्पंजात हवा अडकते आणि शाई तिच्या वरच राहते.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. मऊ टिश्यू कागदाची घडी कोमट पाण्याने किंचित ओली करावी आणि कार्ट्रिजची पट्टी तिच्यावर काही क्षण हलकेच टेकवावी. कागदावर तीन रंगांचे पट्टे उमटले पाहिजेत. पुढचा मार्ग हा कागदच सांगतो.

हरवलेल्या रंगाचा पट्टा उमटलाच नाही, तर शाई वाटेत अडली आहे. शाई भरल्यावर वर चिकटपट्टी लावून हवेचे छिद्र बंद केले असेल, तर ते मोकळे करावे. नंतर कार्ट्रिज पट्टी खाली करून ओल्या कागदावर काही तास तसेच ठेवावे. शाई हळूहळू खाली उतरते, आणि छिद्रांत वाळलेली शाईही सुटते.

पट्टा उमटतो पण छपाईत रंग येत नाही, तर शाईचा दोष नाही. तेव्हा कार्ट्रिजवरचे तांब्याच्या रंगाचे विजेचे ठिपके स्वच्छ, किंचित ओल्या कापडाने पुसून वाळू द्यावेत. तरीही रंग आला नाही, तर बहुधा तापक जळले आहेत, आणि तेथे इलाज नाही. उडणारी शाई आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जाते. कोरडेच छापत राहिले की तापक जळतात. म्हणून रंग फिका पडताच छपाई थांबवावी.

पट्टे एकमेकांत मिसळून मातकट दिसले, तर शाई जास्त भरली गेली आहे. पट्टे पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत ती टिपून काढावी.

प्रिंटरची 'क्लीनिंग'ची आज्ञा दोन-तीनदांपेक्षा अधिक देऊ नये. दर वेळी चांगल्या रंगांचीही शाई वाया जाते. 'शाई संपली' या सूचनेलाही घाबरू नये. पुष्कळ प्रिंटर शाई पाहत नाहीत, छापलेल्या थेंबांचा हिशेब करतात. आपण भरलेली शाई त्यांच्या वहीत जमा होत नाही. एप्सनसारख्या प्रिंटरांत मात्र छिद्रांची पट्टी यंत्रातच बसवलेली असते, म्हणून ओल्या कागदाची परीक्षा तेथे लागू नाही. तेथे एक-दोनदा क्लीनिंग करून काही तास थांबणे बरे.

तात्पर्य, 'नाही' आणि 'पोचत नाही' यांत फरक आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या आमच्यासारख्यांविषयीही कोणी मत बनवण्यापूर्वी हा फरक पाहावा, असे वाटते. असो. पुढच्या वेळी रंग गेला, तर आधी ओला कागद घ्यावा. पाकीट मागाहून काढावे.