बारकोड म्हणजे काय? काळ्या रेषांमागचं गणित



बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मुलं रोज बघतात. त्यात किंमत लपलेली असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण किराणा मालावरच्या नेहमीच्या बारकोडमध्ये फक्त एक क्रमांक असतो, बहुतेक वेळा १३ अंकी. दुकानात पहिल्यांदा असा कोड वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावर.

स्कॅनर : हा पट्ट्यांवर प्रकाश टाकतो. काळी रेष प्रकाश शोषते, पांढरी जागा परत पाठवते. त्यावरून क्रमांक ओळखला जातो. नाव आणि किंमत येते ती दुकानाच्या संगणकातून. तिथे जुनी किंवा चुकीची किंमत भरलेली असेल तर बिलातही तीच येणार! म्हणून खरेदी कारंज्यात असो की अकोल्यात, पाकिटावरची एमआरपी बिलाशी ताडून बघा.

८९० : सुरुवातीचे हे अंक म्हणजे क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे. वस्तू भारतातच बनली, असा त्याचा अर्थ नाही. ती कुठे बनली हे पाकिटावर वेगळं वाचावं लागतं.

चेक डिजिट (तपासणी अंक) : हा शेवटचा अंक. एक काल्पनिक क्रमांक घेऊ : ८९०२४६८१३५७९४.
१) डावीकडून पहिल्या १२ अंकांपैकी विषम स्थानांचे अंक : ८+०+४+८+३+७ = ३०
२) सम स्थानांचे अंक : ९+२+६+१+५+९ = ३२; त्याची तिप्पट ९६
३) ३० + ९६ = १२६. पुढची पूर्ण दशक संख्या १३०, म्हणून शेवटचा अंक ४.
एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हा हिशोब जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते.

क्यूआर कोड : बारकोडची माहिती एकाच दिशेने, आडवी वाचतात, क्यूआरची आडवी आणि उभी दोन्हीकडून. म्हणून त्यात जास्त मजकूर मावतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो आणला. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवरही तो आहेच.

वर्गात घ्यायचा उपक्रम : मुलांना घरून रिकामे पुडे आणायला सांगा. शेवटचा अंक झाकून तो शोधायला लावा. गुणाकार, बेरीज, सम-विषम स्थान, सगळ्याचा सराव एकाच खेळात होतो.